पाठीवरची झोळी आणि न मिळालेले पाळणाघर

मागच्या महिन्यात आम्ही एका कार्यकर्ता मित्राच्या घरी नामकरणाला गेलो होतो. त्रिशरण-पंचशील झाले, बाळाचे नाव ठेवले, चहा-पोहे झाले. मित्राची बायको कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला आहे. तिने बाळासाठी एक लांबच लांब कापड मागवले होते. त्याला म्हणे 'रॅप' म्हणतात. खांद्यावरून, कमरेवरून आडवे-उभे गुंडाळायचे आणि बाळाला छातीशी बांधून घ्यायचे. किंमत चार हजार रुपये. बाया कौतुकाने कापड चाचपून पाहत होत्या. ती बाळाला बांधून दाखवू लागली, तेवढ्यात तिची सासू आतून आली आणि म्हणाली, "सोड ते. ह्या घरात आता कुणी लेकरू फडक्यात बांधायचं नाही."

सून समजुतीने म्हणाली, "अहो आई, बाळाला चांगलं असतं. डॉक्टरच सांगतात."

"मला सांगतीस व्हय? ह्यालाच पाठीला बांधून मी तीन-तीन मजले विटा चढवल्यात. ह्याच्या डोक्यावर सिमिट पडायचं. सांजच्याला झोळी सोडली की ह्याच्या मांड्या सोललेल्या असायच्या. तुला ती हौस वाटती. मला बघवत न्हाई."

घर एकदम गप्प झाले. सभेत दोन-दोन तास बोलणारा आमचा मित्र मान खाली घालून बसला. आम्हीही काही बोललो नाही. आपल्याकडे अशा वेळी "जाऊ द्या, बायकांचं आहे" म्हणायची पद्धत आहे. पण हा सासू-सुनेचा वाद नाही. ही आपल्या समाजाच्या तीन पिढ्यांची गोष्ट आहे आणि तिच्यावर आपण जाहीरपणे बोलले पाहिजे. म्हणून हा लेख.

झोळी कुठून आली?

या मित्राच्या आजीने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली. बाभळीच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी, झोळीत लेकरू, आणि मध्येच उठून एक झोका द्यायचा की पुन्हा हातोडा. आईने मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर घमेली वाहिली. ज्यांच्या घरात ही गोष्ट नाही, अशी घरे आपल्या वस्त्यांत फार थोडी आहेत. कुणाच्या आजीने सावकाराच्या शेतात खुरपले, कुणाच्या आईने रस्त्यावर डांबर टाकले, कुणाच्या मावशीने साहेबाच्या घरची भांडी घासली आणि लेकरू मागच्या दाराशी पोत्यावर ठेवले. आत घ्यायची परवानगी नव्हती ना! बाईचे हात चालत होते, पण तिच्या लेकराचा विटाळ होत होता.

आजही ऊसतोडीच्या फडात जाऊन पाहा. तिथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात. म्हणजे बाई हिशेबात अर्धी. दोघांच्या नावावर मुकादमाची उचल असते. बाळंतीण असो की गरोदर, खाडा झाला की पैसे कापले जातात. कोपीतून पहाटे अंधारात निघायचे. मग तान्हे लेकरू कुठे ठेवणार? बांधावर झोळीत, गाडीच्या सावलीला, नाहीतर सहा-सात वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर. म्हणजे एका लेकराला सांभाळण्यासाठी दुसऱ्या लेकराची शाळा गेली. याच बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचे बीडचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळी आली की खाडा, मूल झाले की खाडा. बाईचे शरीरच जिथे अडचण ठरते, तिथे तिच्या पाठीवरच्या झोळीला 'मातृत्वाचा उत्सव' कोण म्हणेल?

त्याआधीचा इतिहास आणखी कडू आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायांना तान्ही मुले घरी ठेवून जावे लागे. ती दिवसभर झोपून राहावीत म्हणून त्यांना अफूची 'बाळागोळी' दिली जाई. १९२० च्या दशकातल्या चौकशीत ही गोष्ट नोंदवली गेली आहे. त्या आया क्रूर नव्हत्या. भोंगा वाजल्यावर साच्यावर हजर राहायचे की लेकरापाशी बसायचे, एवढेच दोन पर्याय गिरणीमालकाने त्यांच्यापुढे ठेवले होते.

झोळी, बाळागोळी आणि थोरल्या बहिणीची कडेवरची पाळी ही एकाच गोष्टीची तीन रूपे आहेत. आमच्या बाईचे श्रम सगळ्यांना हवे होते. तिचे मूल कुणालाच नको होते.

तेच फडके, दुसरी किंमत

आता दुसरी बाजू पाहा. अ‍ॅन मूर नावाच्या अमेरिकन परिचारिका १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आफ्रिकेतल्या टोगो देशात गेल्या होत्या. तिथल्या आया मुलांना पाठीला बांधून कामे करतात आणि मुले शांत असतात, हे त्यांनी पाहिले. परत गेल्यावर स्वतःच्या मुलीसाठी त्यांनी आईच्या मदतीने तशी पिशवी शिवून घेतली आणि १९६९ मध्ये तिचे पेटंट घेतले. 'स्नगली' या नावाने ती जगभर विकली गेली. त्यांनी स्वतः टोगोच्या बायांचे ऋण लपवले नाही, हे खरे. पण पेटंटवर टोगोच्या एकाही बाईचे नाव नाही. ज्ञान काळ्या आयांचे, मालकी दुसऱ्याची. ही गोष्ट आम्हाला ओळखीची वाटते. आमची हलगी लोककला महोत्सवात गेली आणि हलगी वाजवणारा मात्र गावकुसाबाहेर राहिला, तसेच हे.

आपल्याकडेही तेच चालू आहे. हातमागाचे सुती कापड, फोटोत गोरीगोमटी आई, खाली 'आपल्या आजीचा वारसा' अशी ओळ. कुणाची आजी हो? वाड्यातल्या आजीकडे नक्षीदार सागवानी पाळणा होता आणि तो हलवायला मोलकरीण होती. त्या मोलकरणीचे लेकरू झोळीत होते. वारसा सांगायचाच असेल तर पूर्ण सांगा. झोळीच्या कापडाबरोबर बिगारी, दुष्काळ आणि विटाळ यांचाही वारसा सांगा.

आणि घोड्यावर बसलेल्या झाशीच्या राणीचे ते चित्र आठवा. पाठीला बांधलेले मूल, हातात तलवार. शाळेच्या भिंतीवर आहे, चौकाचौकांत पुतळे आहेत. राणीच्या शौर्याबद्दल आमचे भांडण नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की राणीच्या पाठीवरचे मूल पाहून ज्यांचा ऊर भरून येतो, त्यांनाच गवंड्याच्या हाताखालच्या बाईच्या पाठीवरचे मूल पाहून 'ही लोकं कशाला एवढी पोरं काढतात' असे का वाटते? फडके तेच. मूल तसेच. बदलते ती बाईची जात आणि तिचा वर्ग.

मग झोळी जाळून टाकायची का?

नाही. इथे आम्हाला त्या माउलीचा राग शंभर टक्के मान्य असूनही तिच्या निष्कर्षाशी सहमत होता येत नाही.

बाळाला अंगाशी धरणे चांगलेच आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात कमी वजनाच्या बाळांसाठी काचपेट्या पुरत नव्हत्या. तेव्हा बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायची पद्धत त्यांनी सुरू केली. तिलाच आज 'कांगारू मदर केअर' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते आणि आपल्या सरकारी दवाखान्यांतही ती शिकवतात. आईच्या किंवा बापाच्या अंगाची ऊब बाळाला जगवते. म्हणजे आमच्या आयांचे हात अडाणी नव्हते. त्यांना बाळ कसे शांत होते ते कळत होते.

तेव्हा दोष झोळीचा नाही. एक बाई सहा महिने भरपगारी रजा घेऊन, पोटभर जेवून, सावलीत बसून बाळ छातीशी बांधते आणि कंटाळा आला की सोडून पाळण्यात ठेवते. दुसरी बाई बाळंतपणाच्या पंधराव्या दिवशी उन्हात उभी राहते आणि झोळी सोडली तर लेकरू वाळूच्या ढिगावर ठेवण्यापलीकडे तिला जागा नाही. पहिलीच्या हातात निवड आहे. दुसरीच्या पाठीवर व्यवस्था बसली आहे. सोडता येते ती माया. सोडता येत नाही ती वेठ.

आमच्या मित्राच्या बायकोला निवड मिळाली, याचा आम्हाला आनंद आहे. ती बाजाराची देणगी नाही. ती शिकली, नोकरीला लागली आणि तिला रजा मिळाली. त्या रजेच्या मागे एक माणूस उभा आहे.

बाबासाहेबांनी पाळणा कायद्यात आणला

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलायला उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार खरे तर सरकारनेच उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आणि सरकार उचलत नसेल, तर ज्या मालकाला बाईच्या श्रमातून नफा होतो त्यालाही हात झटकता येणार नाहीत, असे त्यांनी बजावले. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

या भाषणाच्या दोनच वर्षे आधी बाबासाहेब आणि रमाई यांचा राजरत्न गेला होता. त्याआधी गंगाधर, रमेश आणि इंदू गेले होते. चार लेकरे! गरिबीत मूल जगवणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. रमाईंचे कष्ट सांगताना आपण डोळे पुसतो. पण बाबासाहेबांनी डोळे पुसून कायदा मागितला. आपण तिथपर्यंत जातो का?

पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात तेव्हा दुरुस्त्या झाल्या. खाणमालकांनी पाळणाघर ठेवलेच पाहिजे ही तरतूद त्याच काळात आली आणि १९४६ मध्ये खाणींतल्या पाळणाघरांचे नियम झाले. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या बाईच्या लेकराला स्वच्छ जागा, दूध, अंघोळ आणि सांभाळणारी बाई मिळावी, ही मालकाची जबाबदारी ठरली. संविधानाच्या कलम ४२ मध्ये कामाची न्याय्य, माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांची तरतूद राज्यावर सोपवली आहे. तरीही आपल्या भाषणांत पाळणाघर हा शब्द किती वेळा येतो?

कायदा आहे, पाळणा कुठे आहे?

आज कायद्यांची कमी नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. आधी पन्नासपेक्षा जास्त स्त्री कामगारांची अट होती, १९७६ मध्ये ती तीसवर आणली. १९९६ च्या बांधकाम मजुरांच्या कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बाया असतील तिथे पाळणाघर सांगितले होते. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने तर कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असली तरी त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला मजुरी द्यावी, असे लिहिले होते. २०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवडे झाली आणि पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभाही मिळाली.

वाचायला किती छान! पण आपल्या बाया कुठे कामाला आहेत? बांधकामावर सात-आठ जणींच्या टोळीत, ठेकेदाराच्या वहीत नाव नसलेल्या. दहा घरची भांडी घासणाऱ्या, ज्यांचे दहा मालक आहेत आणि एकही मालक नाही. ऊसतोडीला, जिथे कारखाना म्हणतो त्या मुकादमाच्या आणि मुकादम म्हणतो त्या कारखान्याच्या. कचरा वेचणाऱ्या. पन्नासची अट घालताच आमच्या बाया कायद्याच्या दाराबाहेर राहतात. पूर्वी वाड्याच्या दाराबाहेर पोत्यावर लेकरू असायचे, आता कायद्याच्या दाराबाहेर आहे.

एसटी स्टँडवर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी आपण वाचतो. हिरकणीची कथा सगळ्यांना पाठ आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ, म्हणून दूध विकणारी बाई कडा उतरून गेली. तिच्या धाडसाचा बुरूज झाला. पण ही कथा मुळात काय सांगते? कष्टकरी बाईला कामाच्या जागी लेकरू नेता येत नव्हते आणि वेळेवर घरी जाताही येत नव्हते. आपण तिच्या कडा उतरण्याचे पोवाडे गातो, पण दरवाजा उघडा ठेवा असे म्हणत नाही. २०२२ च्या नागपूर अधिवेशनात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचे बाळ घेऊन आल्या, तेव्हा विधानभवनात हिरकणी कक्षाची चर्चा झाली. काही महिन्यांनी मुंबईच्या अधिवेशनात त्यांनाच त्या कक्षाच्या दुरवस्थेबद्दल बोलावे लागले. आमदार बाईची ही गत, तर फडातल्या बाईचे काय?

आता आपल्याकडे बोट

व्यवस्थेला शिव्या देऊन लेख संपवणे सोपे आहे. पण त्या दिवशी मान खाली घालून बसलेला आमचा मित्र, आणि त्याच्याबरोबर गप्प बसलेले आम्ही, यांचे काय?

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आपल्या बाया लेकरांना कडेवर घेऊन रेल्वेच्या गर्दीतून येतात. १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात बाया लेकराबाळांसह तुरुंगात गेल्या. चळवळ त्यांच्या कडेवर आणि पाठीवर चालली. आणि आपल्या सभेत काय होते? व्यासपीठावर आम्ही, मागच्या रांगेत त्या. लेकरू रडले की माईकवरून सूचना येते, "कृपया लहान मुलांना बाहेर घेऊन जा." बाहेर कोण जाते? आईच जाते. बापाला ठराव ऐकायचा असतो. ठराव कशावर? स्त्रीमुक्तीवर!

जातीव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. जन्मावरून काम ठरवायचे आणि त्यातले 'घाण' काम खालच्याच्या गळ्यात मारायचे. आता घरात पाहा. लेकराची शी काढायची, दुपटी धुवायची, रात्री उठायचे, हे बाईचे काम. का? ती बाई म्हणून जन्मली म्हणून. मग हा घरातला मनू नाही तर काय आहे? पिढ्यान् पिढ्या ज्या समाजावर लोकांची घाण उचलण्याची सक्ती झाली, त्या समाजातल्या पुरुषाला स्वतःच्या लेकराची शी काढायला लाज वाटत असेल, तर त्याने भिंतीवरच्या फोटोकडे एकदा नीट पाहावे.

काही मित्र म्हणतील, देशात संविधान धोक्यात आहे आणि तुम्ही दुपटी-झोळीवर लिहिता? मित्रांनो, १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा हिंदू कोड बिल हे त्यामागचे मोठे कारण होते. ते बिल कशाबद्दल होते? लग्न, वारसा, घटस्फोट, दत्तक. म्हणजे घराबद्दलच ना? ज्यांना घर हा किरकोळ विषय वाटतो, त्यांनी तो राजीनामा पुन्हा वाचावा.

करायचे काय?

पहिली गोष्ट, या वर्षीच्या जयंतीपासून आपल्या प्रत्येक सभेत, शिबिरात, परिषदेत लहान मुलांची वेगळी खोली किंवा तंबू असला पाहिजे. पाणी, सावली, पाळणा, खेळणी. आणि तिथे पाळीपाळीने कार्यकर्ते पुरुष बसतील. डीजेच्या खर्चाच्या विसाव्या हिश्शात हे होते.

दुसरी गोष्ट, आपल्या भागातल्या प्रत्येक मोठ्या बांधकामावर जाऊन बायांची आणि मुलांची मोजणी करा. माहिती अधिकारात अर्ज टाका: इथे पाळणाघर आहे का, कुणी तपासले, कधी तपासले? बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी उपकर गोळा होतो. त्यातून पाळणाघरांवर किती खर्च झाला, हे विचारा.

तिसरी गोष्ट, मागणी स्पष्ट करा. पन्नासची अट नको. जिथे लेकरू आहे, तिथे पाळणाघर. ऊसतोडीच्या प्रत्येक तळावर, प्रत्येक मजूर अड्ड्याजवळ, प्रत्येक वस्तीत, कामाच्या वेळेइतके उघडे राहणारे. आणि त्यात काम करणाऱ्या बाईला मानधनाची भीक नको, पगार.

चौथी गोष्ट घरातली आहे. तिला अर्ज लागत नाही, परवानगी लागत नाही.

परवा आम्ही त्या मित्राकडे पुन्हा गेलो. दार उघडले तर तोच रॅप त्याच्या छातीला बांधलेला. गाठ वाकडी, एक टोक लोंबत होते, पण बाळ गाढ झोपले होते. बायको लॅपटॉपवर कामाला बसली होती. म्हातारी खुर्चीवर बसून पाय पसरून टीव्ही बघत होती. आम्ही हसलो, तशी ती म्हणाली, "बांधलंय बाबा त्यानं. माझ्या पाठीवर लय बसला हुता, आता कळू दे." मग उठली, त्याच्या पाठीमागे गेली आणि सैल झालेली गाठ घट्ट करून दिली.

गाठ मारायचे ज्ञान तिचेच होते. फक्त या वेळी वजन तिच्या अंगावर नव्हते.

जयभीम! जय संविधान!